झोपेचं शपथपत्र

नव्या वकिलांनी काम आणि तब्येत दोन्ही कसं सांभाळावं, यावर चार शब्द बोलायला हल्ली मला लॉ कॉलेजवाले बोलावतात. मी जाते, चहा पिते, बोलते. पण ओळख करून देणारे प्राध्यापक 'वर्धा जिल्ह्यात इतकी वर्षं यशस्वी वकिली' वगैरे सुरू करतात तेव्हा मला हसू दाबावं लागतं. आमच्या बारमध्ये, म्हणजे वकिलांच्या मंडळीत, माझी खरी प्रसिद्धी वेगळ्याच गोष्टीसाठी आहे. मी भर दिवसा कोर्टाच्या आवारात झोपले आणि तेवढ्यात माझा दावा खारिज झाला. भाषणात हे सगळं सांगायला वेळ पुरत नाही, म्हणून इथे लिहून काढते.

सनद मिळून तेव्हा मला दीड वर्ष झालं होतं. घर सेलूला, ज्यांच्या हाताखाली शिकत होते त्या सरांचं ऑफिस वर्ध्याला, आणि मंगळवार-शुक्रवार तालुक्याच्या कोर्टातल्या सरांच्या केसेस माझ्या गळ्यात. म्हणजे सकाळी सेलूहून वर्धा, वर्ध्याहून तालुका, दुपार सरल्यावर परत वर्धा, मग ऑफिस, आणि शेवटच्या गाडीने घर. घरी जेवण उरकलं की दुसऱ्या दिवशीच्या फाइली. घराण्यात मी पहिली वकील. बाबा एसटीत मेकॅनिक होते आणि त्यांच्या ओळखीचा एकही ड्रायव्हर किंवा कंडक्टर असा नव्हता ज्याला आपली मुलगी काळा कोट घालते हे माहीत नव्हतं. मला गाडीत उभं राहावं लागलं असं फार क्वचित झालं. उभी राहिले असते तर निदान त्या सीटवर बसून फाइली तरी वाचल्या नसत्या.

त्या दिवसांत आम्हा ज्युनिअर लोकांची एक न बोलता चाललेली स्पर्धा होती. कोण सगळ्यात कमी झोपतं. 'काल दोन वाजले' असं एकाने म्हणायचं, की दुसऱ्याने 'माझे तर साडेतीन' म्हणायचं, आणि तिसऱ्याने नुसतं हसायचं, म्हणजे तो झोपलाच नाही असं समजायचं. डबा न खाता परत नेणं हीसुद्धा शान होती. मी तो घरी नेत नसे, कारण आईने विचारलं असतं. कोर्टामागच्या कुत्र्यांना आईच्या हातची भरीत-भाकर फार आवडायची. मला पित्ताने हैराण केलं होतं, केस मूठमूठ गळत होते, आणि कोर्टात केसचा पुकारा होताना छातीत धडधडायचं. याला मी मेहनत म्हणत होते. मूर्खपणा म्हणायची अक्कल नंतर आली.

आणि एक गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती. दिवाळीनंतर वकिली सोडायची असं मी ठरवलं होतं. सरकारी कार्यालयातल्या कारकुनाच्या परीक्षेचा फॉर्म मोबाइलमध्ये अर्धा भरून ठेवला होता. बाबांना काय सांगायचं तेवढं जमत नव्हतं, म्हणून बाकीचा अर्धा भरायचा राहिला होता.

आता त्या दाव्याबद्दल. वडनेरच्या पुढे एका खेड्यात राहणारी एक बाई सरांची पक्षकार होती. वय साठीचं, शिक्षण सातवी, आवाज असा की फोन कानापासून लांब धरावा. मी तिला मावशी म्हणायचे. तिचं वावर शेजाऱ्याच्या वावराच्या मागे होतं आणि तिथवर जायला शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, बैलबंडी जाईल एवढा रस्ता होता. तिच्या सासऱ्याच्या आधीपासूनचा. शेजाऱ्याने जमीन विकत घेतली, दोन वर्षं गोड बोलला, आणि तिसऱ्या वर्षी म्हणाला की इथे रस्ता कधी नव्हताच. तेच त्याने कोर्टात शपथेवर लिहून दिलं. आम्ही दावा लावला, आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत त्याने रस्ता अडवू नये असा मनाई हुकूम मिळवला. त्या हुकमावर मावशीची बंडी जात-येत होती.

हुकूम उभा असतो दाव्याच्या पायावर. दावा पडला की हुकूमही पडतो. हे मला परीक्षेत विचारलं असतं तर मी पानभर लिहिलं असतं.

त्या मंगळवारी मावशीच्या पुराव्याचं शपथपत्र दाखल करायचं होतं. आधीच्या दोन तारखा आम्हीच मागून घेतल्या होत्या, त्यामुळे साहेबांनी, म्हणजे न्यायाधीशांनी, 'शेवटची संधी' असं रोजनाम्यात लिहून ठेवलं होतं. शपथपत्र तयार होतं. मावशी आदल्या आठवड्यात येऊन सही करून गेली होती. मी तिला थाटात सांगितलं होतं, "मावशी, मंगळवारी तुम्ही येऊ नका. एका कागदासाठी कशाला मजुरी बुडवता? मी आहे ना."

बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसच्या यादीत, आमचा दावा बराच खाली होता. ऑक्टोबरचं ऊन, वर काळा कोट. मी म्हटलं, पाच मिनिटं बाररूममध्ये बसावं. पंख्याखाली एक लांब बाक रिकामा होता. बसले. मग फाइल मांडीवरून बाकावर ठेवली. मग फाइलवर कोपर टेकलं. पुढचं मला आठवत नाही, आणि पुढे तेच तर शपथेवर लिहावं लागलं.

जाग आली ती डबे उघडण्याच्या आवाजाने. जेवणाची सुट्टी झाली होती. फाइल उशाला होती आणि तिच्यातलं शपथपत्र, ज्यासाठी शेवटची संधी होती, ते माझ्या डोक्याखाली. मी धावत कोर्टरूममध्ये गेले. कोर्टाचा शिपाई खुर्च्या सरकवत होता. म्हणाला, "मॅडम, दोनदा पुकारा केला. एकदा व्हरांड्यातून, एकदा पायऱ्यांवरून. कोनीच नाई आलं. साहेबांनी गैरहजेरीत खारिज केला."

बाररूम व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला होती आणि त्या माणसाचा पुकारा बाहेरच्या चहाच्या टपरीवर ऐकू जायचा. मला ऐकू आला नाही. मी तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले आणि रडले. शिपाई बिचारा घाबरून पाणी घेऊन आला.

सरांना फोन केला. वाटलं होतं ओरडतील. सर ओरडणाऱ्यांतले नव्हतेच. पंचवीस वर्षांत एक सुट्टी घेतली नाही असं त्यांच्याबद्दल बारमध्ये कौतुकाने सांगत. ते म्हणाले, "होते असं. दावा परत नंबरवर घ्यायचा अर्ज टाक. कारणात ताप लिही. टाइपिस्टजवळ मजकूर तयार आहे."

मजकूर खरोखरच तयार होता. कोर्टाच्या आवारात टीनाच्या शेडमध्ये बसणाऱ्या टाइपिस्टच्या कॉम्प्युटरमध्ये एका फाइलचं नावच 'ताप' होतं. पक्षकाराचं नाव, दाव्याचा नंबर आणि तारीख बदलायची, बाकी काही हलवायचं नाही. वकील गैरहजर राहिला की आमच्याकडे त्याला ताप येतो. वकिलाची गाडी चुकली, साखरपुडा होता, दुसऱ्या कोर्टात अडकला, साफ विसरला, तरी तापच येतो. समोरचा वकील त्यावर शंका घेत नाही, कारण पुढच्या महिन्यात त्यालाही यायचा असतो. टाइपिस्टने फाइल उघडली तेव्हा तिच्यात मागच्या वकिलांचं नाव तसंच होतं. ज्या तारखेला ते फणफणले होते असं लिहिलं होतं, त्या दिवशी मी त्यांना याच शेडसमोर तीन समोसे खाताना पाहिलं होतं.

"साधा ताप टाकू का व्हायरल?" टाइपिस्टने विचारलं.

"फरक काय?"

"साधा एका दिवसाले पुरते. व्हायरलले तीन दिवस धरता येते. टायफॉइड नोका टाकू मॅडम, त्याले डॉक्टरचा कागद लागते."

मी साधा घेतला. खरी मजा अशी की त्या दीड वर्षात मला दोनदा सणसणीत ताप आला होता आणि दोन्ही वेळा मी गोळी घेऊन कोर्टात उभी होते. तेव्हा कुठे लिहिला नाही.

बुधवारी मावशीला सहीसाठी बोलावलं. फोनवर मी एवढंच सांगितलं होतं की तारीख हुकली, अर्ज करावा लागतो, या. ती आली ती भडकूनच. शेजाऱ्याला खारिजची बातमी तिच्याआधी लागली होती. त्याने धुऱ्याच्या तोंडाशी सिमेंटचे खांब आणून टाकले होते, तार यायची बाकी होती. वावरात कापूस फुटला होता. या आठवड्यात सीतादहीची पूजा करून वेचणीला हात घालायचा, असं तिने बायांना सांगून ठेवलं होतं. रस्ता बंद झाला तर एकेक गाठोडं डोक्यावर घेऊन नाल्यातून फेरा मारायचा. हे सगळं तिने शेडमध्ये उभ्याउभ्या सांगितलं आणि मग तो शपथेवरचा अर्ज हातात घेतला.

आमचे पक्षकार सहसा विचारतात, 'कुठे करू सही?' मावशी वाचायची. प्रत्येक ओळीखाली बोट धरून, मोठ्याने. "सदर दिवशी वादीचे वकील यांना अचानक ताप आल्याने..." इथे बोट थांबलं.

"कोनाले ताप आलता?"

"मला."

"मंगळवारी मी तुले फोन केलता. तवा तर तू म्हने, मी बरी आहो."

टाइपिस्टची बोटं थांबली. मला काहीतरी बोलून वेळ मारून नेता आली असती. तेवढं तर दीड वर्षात शिकले होते. पण थकले होते. म्हणाले, "ताप नव्हता, मावशी. मी झोपले होते. बाररूममध्ये."

"बसल्या बसल्या?"

"नाही. आडवी."

मला वाटलं आता ती अख्ख्या आवाराला ऐकू जाईल असं बोलणार. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "रातच्याले झोपत नाई काय तू?"

"होत नाही झोप."

"मंग असंच लिह्य ना का झोपली होती म्हनून."

मी तिला समजावलं. झोप हे कारण साहेब मानतील की नाही सांगता येत नाही. तापाला कोणी नाही म्हणत नाही. सगळे हेच लिहितात. तुमचाच फायदा आहे. मी बरी समजावते, वकील फी त्याचीच घेतात. मावशीने सगळं ऐकून घेतलं.

"त्या मानसानं शपथेवर सांगतलं का रस्ता कधी नवताच," ती म्हणाली. "म्हनून तं मी कोर्टात आली. आता मीबी शपथेवर खोटंच सांगू? मंग त्याच्यात आन माह्यात फरक काय राह्यला?"

"दावा गेला तर?"

"गेला तं गेला. कापूस डोक्यावर आनीन. पन यावर सही नाई करत मी."

खरं सांगते, मला आधी रागच आला. कायद्याचं पुस्तक मी वाचलं आणि ही मला शिकवते! अर्धा रस्ता मी गाडीत मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते. उरलेल्या अर्ध्या रस्त्यात माझ्याकडे मुद्दे उरले नाहीत. खोटं शपथपत्र तयार करून पक्षकाराची सही घेणं म्हणजे आपल्याच सनदेवर घाव, हे मला मावशीपेक्षा चांगलं माहीत असायला हवं होतं. तिने शपथ ही शपथ म्हणून घेतली होती, आणि मी ती 'ताप' नावाच्या फाइलमध्ये घेतली होती.

संध्याकाळी ऑफिसात बसून मी माझं स्वतःचं शपथपत्र लिहायला घेतलं. सुरुवात सोपी होती. सदर दिवशी मी वेळेवर कोर्टात हजर होते. दावा बोर्डावर खाली असल्याने मी बाररूममधील बाकावर बसले. सबब मला झोप लागली. इथे गाडी अडली. सरांनीच शिकवलं होतं की नुसती घटना लिहून भागत नाही, ती का घडली तेही यायला पाहिजे. मग मी मागच्या तीन आठवड्यांचा एकेक दिवस आठवून, किती वाजता घरी पोचले, किती वाजता झोपले, कधी उठले, जेवले की नाही, हे कच्च्या कागदावर मांडायला लागले. दुसऱ्या कुणाची अशी हकिकत माझ्यासमोर आली असती तर मी म्हटलं असतं, या बाईला आधी घरी पाठवा. कागद भरत गेला तसं मला स्वतःची दया आली आणि मग फार राग आला. एवढं करून मी कुणाचं भलं केलं होतं? ज्या बाईसाठी जागले, तिच्याच पुकाऱ्याला झोपले.

सरांनी मसुदा वाचला. दोनदा वाचला.

"हे तू दाखल करणार?"

"मावशी दुसऱ्यावर सही करत नाहीत, सर."

"झोप म्हणजे पुरेसं कारण नाही होत. अर्ज नामंजूर झाला तर वरच्या कोर्टात जावं लागेल, आणि तोवर बाईचा कापूस वावरात. शिवाय हे तुझ्या नावावर कायमचं राहीन. समजून राहिली ना?"

"हो."

सरांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पण घातला नाही. "मागच्या उन्हाळ्यात त्या वाटणीच्या केसमध्ये मी ताप लिहिला होता, आठवते?"

आठवत होतं. टाइप करून मीच आणला होता.

"ताप नव्हता. कोर्टाच्या गेटपाशी गाडी लावली आणि उतरताच नाही आलं. हात थरथरून राहिले होते. काच वर करून अर्धा तास बसलो आणि घरी परत आलो. घरीबी तापच सांगितला."

 ज्या माणसाची सुट्टी न घेण्याची कीर्ती ऐकून मी त्याच्याकडे शिकायला आले होते, तो माणूस मला हे सांगत होता. त्यांच्याबद्दलचा आदर मात्र एका कणाने कमी झाला नाही. उलट पहिल्यांदा वाटलं की मी यांच्याशी बोलू शकते. विचारलं, "डॉक्टरकडे गेलात?" ते म्हणाले, "नाई. वेळ कुठे होता?" मग त्यांनी लाल पेनाने माझ्या मसुद्यात एक वाक्य वर घेतलं, एक खाली नेलं, आणि घड्याळाकडे बघून म्हणाले, "सात वाजून राहिले. जा, गाडी पकड." सातला मला ऑफिसातून जा म्हणण्याची ती पहिली वेळ होती. पुढच्या सोमवारी मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. तिथे रांगेत बसूनसुद्धा त्यांनी बॅगेतून फाइल काढली, ती मी हिसकावून घेतली. इतकं धाडस माझ्यात होतं हे मलाही नवीन होतं.

शुक्रवारी मी माझं शपथपत्र आणि त्याला धरून मावशीचा अर्ज दाखल केला. मावशीने बोट धरून दोन्ही वाचले, 'आता कसं' म्हणाली आणि सही केली. समोरचे वकील साठी ओलांडलेले, आमच्या कोर्टातले सगळ्यात चिवट. कुठल्याही अर्जावर आपलं म्हणणं मांडायला दिलं की ते न वाचता पहिली ओळ लिहीत, 'अर्जातील मजकूर खोटा असून अमान्य आहे.' त्या दिवशीही त्यांनी सवयीने पेन टेकवलं, 'अर्जातील मजकूर' एवढं लिहिलं, मग सहज वरच्या मजकुरावर नजर टाकली आणि पेन थांबलं. ते पूर्ण वाचून झाल्यावर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"कोणत्या बाकावर?"

"पंख्याखालच्या."

"तो माझा बाक आहे," ते म्हणाले. मागच्या रांगेत हशा पिकला. साहेबांनी वर पाहिलं तसा थांबला.

पण गडी गंमत करून सोडणारा नव्हता. उभं राहून त्यांनी व्यवस्थित विरोध केला. वकील महोदयांचा प्रामाणिकपणा मान्य, पण हा निष्काळजीपणा आहे. शेवटची संधी दिलेली होती. माझ्या पक्षकाराने किती दिवस ताटकळत राहायचं? त्यांचं काम त्यांनी चोख केलं आणि मला ते आवडलंसुद्धा. मावशी दाराशी उभी होती. तिचा कापूस, तिचा रस्ता, सगळं त्या दोन कागदांवर टांगलेलं होतं.

साहेबांनी मला विचारलं, "हा निष्काळजीपणा आहे, हे तुम्हाला मान्य आहे?"

"मान्य आहे, साहेब," मी म्हणाले. "पण माझा आहे. त्यांचा नाही. त्यांना येऊ नका असं मीच सांगितलं होतं."

साहेबांनी शपथपत्राला जोडलेलं माझ्या हिशोबाचं ते पान, किती वाजता झोपले आणि किती वाजता उठले, पुन्हा वाचलं. मग विचारलं, "पुराव्याचं शपथपत्र आज आणलंय?" मी फाइलमधून काढून दिलं. डोक्याखाली राहिल्याने त्याच्या कोपऱ्यावर खोबरेल तेलाचा डाग पडला होता. साहेबांनी तो बोटाने चाचपला आणि कागदावर निशाणी, म्हणजे दाखल झाल्याचा क्रमांक, टाकली. अर्ज मंजूर झाला. दावा पुन्हा नंबरवर, मनाई हुकूम पुन्हा चालू. शेजाऱ्याला खांब उचलावे लागले आणि मावशीने पुढच्याच आठवड्यात बंडी भरून कापूस आणला. बाररूममध्ये मात्र पुढचे दोन महिने मी दिसले की कोणी ना कोणी पंख्याखालून उठून 'या, पथारी तयार आहे' म्हणायचं.

मी काय बदललं ते फार थोर नाही. डबा दीड वाजता, कोणी काही म्हटलं तरी. ऑफिसातून सातला निघायचं, आणि फाइल घरी न्यायची नाही. सरांशी एक दिवस ठरवून मंगळवारच्या केसेस निम्म्या करून घेतल्या. कमी करून मागितल्या असत्या तर आधीही मिळाल्या असत्या, मी मागितल्याच नव्हत्या. नव्या पोरापोरींना मी एवढंच सांगते की मागा. पाणी प्या, योग करा, हे सांगायला दुसरे आहेत. कारकुनाच्या परीक्षेच्या फॉर्मची मुदत कधी संपली ते मला आठ दिवसांनी कळलं. त्या दिवसांत मी मावशीला उलटतपासणीची तयारी देत होते, म्हणजे खरं तर तिला थोडक्यात उत्तर द्यायला शिकवत होते आणि त्यात मला अजिबात यश येत नव्हतं.

दाव्याचा निकाल पुढे आमच्या बाजूने लागला. पण मला विचाराल तर तो मावशीच्या उलटतपासणीच्या दिवशीच लागला होता. समोरच्या वकिलांनी तिला तासभर पिंजऱ्यात उभं ठेवलं. रस्ता किती हात, कोणत्या साली, बंडी कुणाची, बैल कुणाचे. ती डगमगली नाही. शेवटी त्यांनी तो प्रश्न विचारला जो आमच्याकडे प्रत्येक उलटतपासणीच्या शेवटी विचारतात आणि ज्याला प्रत्येक साक्षीदार 'खोटं आहे' एवढंच म्हणून मोकळा होतो.

"तुम्ही तुमच्या वकिलांनी शिकवल्याप्रमाणे खोटी साक्ष देत आहात, असं माझं म्हणणं आहे."

मी मावशीकडे पाहून हळूच मान हलवली, म्हणजे 'खोटं आहे' म्हणा आणि उतरा. मावशीने माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

"वकीलबाईनं एकडाव शिकवलं होतं खोटं," ती तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली. "ताप आलता म्हनून लिह्यून आनलं होतं. म्या सही नाई केली. मंग तिनं खरं लिह्यलं."

 समोरच्या वकिलांनी फाइल मिटली. मला लाज वाटली, आणि तरीही, कसं सांगू, मला त्या बाईचा भयंकर अभिमान वाटला. साहेब साक्ष टाइप करणाऱ्याला मजकूर सांगायला वळले, थांबले, आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "साक्षीदार म्हणतात ते मी जसंच्या तसं नोंदवून घेतो. आपली काही हरकत?"

मी उभी राहिले.

"हरकत नाही, साहेब."